पाठीवरची थाप

१

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. पुढे ताईची मुलगी चालायला लागली आणि तीही तशीच निघाली, तेव्हा तिला घरात सगळे भिंगरीच म्हणायला लागले. खरं नाव शाळेपुरतं उरलं.

ताईकडे मी गेलो तो मदतीला म्हणून. भाऊजींनी स्कूटर स्टँडवर लावताना अंगावर पाडून घेतली होती. भरधाव गाडीवरून पडले असते तर चारचौघांत सांगायला तरी बरं, पण हे स्वतःच्या फाटकासमोर, उभ्या गाडीखाली. पाय मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर चढलं, स्कूटर गॅरेजात गेली. ताई दातांच्या दवाखान्यात कामाला. ती संध्याकाळी घरी येईपर्यंत दमून जायची. आणि भिंगरीचा पोहण्याचा क्लास नदीपलीकडे, गावाच्या पार टोकाला. स्पर्धा तोंडावर आलेली. तिला आणायचं कोणी, हा प्रश्न होता.

दोनच दिवसांत मी ताईच्या घरातले सगळे गळके नळ घट्ट केले, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, भाऊजींच्या कुबड्यांची उंची तीनदा कमीजास्त केली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पंख्याकडे बघायला लागलो, तेव्हा ताई म्हणाली, "पंखा चांगला चाललाय. त्याला हात लावू नकोस."

"मग एक मोटरसायकल भाड्याने घेतो. भिंगरीला मीच आणत जाईन."

ताईचा चेहरा उतरला. भाऊजी सोफ्यावरून म्हणाले, "घेऊ दे गं. तुझा भाऊ मोडक्या गाड्यांचा डॉक्टर आहे. चांगली गाडी बघायची संधी कधी मिळते त्याला?"

यात खोटं काही नव्हतं. मी विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासतो. काय मोडलं, कधी मोडलं आणि मालक कुठे थापा मारतोय, हे पत्र्याकडे बघून सांगायचं, यावर माझं पोट चालतं.

ताई मात्र हसली नाही. "माझी एकच पोर आहे," ती म्हणाली. "थाप पडल्याशिवाय गाडी हलवायची नाही."

"ताई, मी काय आज गाडी चालवतोय?"

"नाही, तोंडाने म्हण."

"थाप पडल्याशिवाय गाडी हलवणार नाही," मी म्हणालो.

हा आमच्या घरातला नियम. मागे बसणारा नीट बसला, पाय टेकले, हात धरले, की त्याने पुढच्याच्या पाठीवर दोनदा थाप मारायची. मग पुढच्याने क्लच सोडायचा. तोंडाने 'बसलो' म्हटलेलं चालत नाही. हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही, आणि बाबांना तर हेल्मेट नसतानाही ऐकू येत नसे.

२

गाड्या भाड्याने देणाऱ्या बाई पत्र्याच्या शेडमध्ये खुर्ची टाकून स्वेटर विणत बसल्या होत्या. मी म्हटलं, जरा बघतो. त्या म्हणाल्या, बघा की. आणि मी बघायला लागलो.

पहिली लाल, टाकी आरशासारखी चकचकीत. खाली वाकून पाहिलं तर पुढचा फोर्क एका अंगाला गेलेला. वरून कीर्तन, आतून तमाशा. दुसरीचं इंजिन सुरू केलं तर ते जुन्या खोकल्यासारखं आतल्या आत घरघरत राहिलं. तिसरी बरी होती, पण तिची चेसी एकदा तुटून जोडलेली होती आणि जोडणाऱ्याने वर रंगाचा जाड थर दिला होता. असल्या रंगावर माझं पोट चालतं, मला तो फसवणार?

शेडच्या टोकाला भिंतीशी एक राखाडी गाडी उभी होती. चेसी सरळ, फोर्क सरळ, टायर नवे, इंजिन एका दमात सुरू. मी तिच्याभोवती दोनदा फिरलो, उकिडवा बसलो, जमिनीवर गाल टेकवून खालून पाहिलं. काही सापडेना. आणि काही सापडलं नाही की मला चैन पडत नाही.

मग सापडलं. पुढच्या फूटरेस्टची रबरं नवीकोरी होती, त्यांच्यावरच्या रेघा शाबूत. मागच्या फूटरेस्टची रबरं मात्र झिजून गुळगुळीत झालेली. सीटचंही तेच. पुढचा भाग फुगीर, मागच्या भागात बसकण मारल्यासारखा खोलगट खड्डा. भाड्याच्या गाडीत नेहमी पुढचं आधी झिजतं. मागे कधी कोणी असतं, कधी नसतं. पुढे कोणीतरी असावंच लागतं.

"बाई, हिच्या मागच्या भागाची फारच झीज झालीय."

"बसत असतील माणसं."

"पुढे कोणी बसत नाही का?"

त्यांनी टाके मोजता मोजता वर पाहिलं. "पुढचे बदलत असतात हो. तुम्हाला गाडी हवीय की तिची पत्रिका?"

मी मनाशी म्हटलं, भंगारातून जुनी रबरं आणून बसवली असतील, सीट दुसऱ्या गाडीची असेल. कारण मिळालं की माझं समाधान होतं. मी हीच नेतो म्हणालो. बाईंनी खिळ्यावरून दोन हेल्मेटं काढली, एक मोठं आणि एक लहान, निळं.

"लहान कशाला?"

"ते हिच्याबरोबरचंच आहे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा विणायला लागल्या. "एकटी माणसं हीच गाडी मागतात. म्हणतात, हिच्यावर एकटं वाटत नाही."

रस्त्याला लागल्यावर मला आठवलं की भाचीबद्दल मी त्यांना एक अक्षरही सांगितलं नव्हतं. पण म्हटलं, चला, आयतं हेल्मेट मिळालं.

३

गाडी झकास चालत होती. फक्त गतिरोधकावरून गेली की मागचं चाक जड पडायचं. एकट्याला घेऊन जाणारी गाडी मागून उडते, ही बसायची. शॉकअप सैल असणार, असं मी ठरवलं. चहाला एका टपरीशी थांबलो, मागचे फूटरेस्ट उघडे दिसले म्हणून पायाने वर घडी केले. चहा पिऊन आलो तर दोन्ही खाली. पुन्हा वर केले. ताईच्या घरी पोचलो तेव्हा पुन्हा खाली. स्प्रिंग गेलेली. नाहीतर दुसरं काय असणार?

रात्री जेवताना भाऊजींनी भिंगरीला तिच्या आजोबांची गोष्ट सांगितली. ती तिने शंभरदा ऐकली होती, तरी तिला पुन्हा हवी असते आणि भाऊजींना पुन्हा सांगायची असते. प्लास्टरचा पाय स्टुलावर टाकून ते रंगात आले.

"तर तुझे आजोबा आणि आजी गेले बाजारात. आजोबांनी गाडी सुरू केली आणि निघाले. रस्ताभर आजीशी बोलतायत. छत गळतंय, तुझा भाऊ काही कामाचा नाही, अमुक तमुक. घरी आले, गाडी थांबवली आणि म्हणाले, उतर."

"आणि मागे कोणी नाही!" भिंगरी ओरडली.

"मागे कोणी नाही. आजी तिकडे दुकानासमोर, दोन हातांत दोन पिशव्या, शिव्या देत उभी."

आम्ही सगळे हसलो. आई-बाबा दोघंही आता नाहीत, पण या गोष्टीत ते दोघंही ठणठणीत असतात.

"बाबा शेवटपर्यंत कबूल झाले नाहीत," ताई ताटं उचलता उचलता म्हणाली. "शपथेवर सांगायचे की मागे वजन होतं. आई म्हणायची, कोणी होती तर ती माझी सवत असेल. तेव्हापासून ती थाप."

हा भाग मला आठवत नव्हता. मी म्हणालो, "वजन होतं म्हणजे?"

"म्हणजे स्वतःची चूक कबूल करायची नव्हती," ताई म्हणाली. "तुझ्यासारखंच."

४

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंगरी तलावाच्या फाटकातून पळत आली. केस ओले, डोळे लाल, अंगाला तलावाच्या पाण्याचा तो औषधी वास. निळं हेल्मेट तिला बेताने बसलं. ती मागे चढली, थोडी चुळबुळ केली, मग माझ्या पाठीवर थाप, थाप. मी निघालो.

पुलावर ती ओरडून म्हणाली, "मामा, पुढे सरक ना!"

"अजून कुठे सरकू? टाकीवर बसू?"

"मग मला नीट बसता येत नाहीये. जागाच नाही."

मी सरकलो. अलीकडे माझं पोट सुटलंय हे खरं, पण पोट पुढे असतं. मागे तिच्याएवढ्या दोन मुली बसतील एवढी सीट होती. घरी उतरलो तेव्हा माझ्या शर्टाची पाठ तिच्या केसांनी चिंब भिजली होती. ताईने दारातच तिला ओढून घेतलं आणि पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, जणू ती लढाईवरून आली होती. मग माझ्याकडे बघून हसली. ती अशी हसली की मला लहान असल्यासारखं वाटतं, आणि ते मला आवडतं.

झोपायला जाताना भिंगरी म्हणाली, "मामा, उद्या दुसरी गाडी आण. हिच्यावर मला कोणीतरी मागे ढकलतं."

"वाऱ्याने तसं वाटतं," मी म्हणालो. तिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

५

सकाळी मी गाडी बदलायला गेलो. शेडला कुलूप होतं. शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं, बाई बहिणीकडे गेल्यात, परवा येतील. "का, बंद पडली?"

"नाही, चांगली चालते."

"मग कशाला बदलताय?" त्याने विचारलं. शहाणासुरता माणूस, काय सांगणार? भाचीला जागा पुरत नाही? मी त्याच्याकडून प्लास्टिकच्या पट्ट्या घेतल्या आणि मागचे दोन्ही फूटरेस्ट वर करून घट्ट बांधून टाकले. भिंगरी बसायच्या वेळी कापू म्हटलं. तेवढ्याने सबंध दिवस मला बरं वाटलं.

निघताना ताईचा फोन आला. येताना कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून भाऊजींच्या गोळ्या आणायच्या होत्या. "आणि सावकाश ये," ती म्हणाली.

"थाप पडल्याशिवाय हलत नाही," मी म्हणालो.

तलावाबाहेर झुंबड होती. आईबाप, गाड्या, ओली मुलं, आणि मागून एक बस सारखा भोंगा वाजवत होती. भिंगरी फाटकातून आली, हातातली पिशवी चाचपली आणि ओरडली, "मामा, थांब! गॉगल राहिला!" आणि पुन्हा आत पळाली.

बसवाला काही थांबायला तयार नव्हता. मी गाडी थोडी पुढे घेतली, तोंड रस्त्याकडे करून, एक पाय जमिनीला लावून उभा राहिलो. आरशात नुसता बसचा दिवा दिसत होता. मला पट्ट्या कापायच्या होत्या, ते आठवलं. चाकू काढायला मी खिशात हात घातला, तेवढ्यात गाडी मागून दबली आणि पाठीवर थाप पडली. थाप, थाप.

"सापडला?" मी विचारलं आणि क्लच सोडला.

खाली नजर टाकली तर गाडीच्या कडीला अडकवलेलं निळं हेल्मेट नव्हतं. तिने घातलं होतं. गुणी पोर. मी तिच्याशी बोलायला लागलो. स्पर्धेबद्दल बोललो, तिच्या बाबांच्या कुबड्यांबद्दल बोललो. दोन हात माझ्या कमरेला धरून होते. आज ती जागेची कुरकुर करत नव्हती, आणि मी एखादा विनोद केला की हात जरा घट्ट व्हायचे. पूल संपला. चौक आला. वारा गार होता, आणि कोपऱ्यावरच्या दुकानाशी गाडी थांबवताना माझ्या लक्षात आलं की माझी पाठ कोरडी आहे.

टोपी घातली असेल. केस पुसले असतील. पण तो औषधी वास? तोही नव्हता. मग मी मान तशीच ठेवून फक्त डोळे खाली नेले. उजव्या बाजूचा मागचा फूटरेस्ट खाली होता. तुटलेली पट्टी त्याला लोंबत होती.

"बसून राहा हं," मी म्हणालो. आवाज माझाच होता. "मी गोळ्या घेऊन येतो."

स्टँड लावून, मागे कोणी बसलेलं असताना उतरतात तसा मी पाय टाकीवरून काढून उतरलो, आणि मागे न बघता दुकानात शिरलो.

६

दुकानात दवाखान्यासारखा पांढरा उजेड होता. मी गोळ्यांचं नाव सांगितलं. बरोबर सांगितलं, याचं मला नवल वाटलं. खिशात फोन थरथरत होता. अनोळखी नंबर, आणि त्याच नंबरावरून आधी आलेले, न घेतलेले कितीतरी कॉल.

"मामा," भिंगरीचा आवाज आला. रडून रडून बसलेला. "तू मला सोडून गेलास."

"कुठे आहेस?"

"फाटकाशी. सरांच्या फोनवरून बोलतेय. मी केवढ्याने ओरडले, तू थांबलाच नाहीस. माझं हेल्मेटपण घेऊन गेलास."

मी काउंटर धरला. "तिथेच थांब. सरांचा हात धर. मी येतोय."

औषधवाला गोळ्या पिशवीत घालत माझ्या खांद्यावरून बाहेर बघत होता. "तुमची मुलगी का?" त्याने हसून विचारलं. "घाई दिसतेय तिला. कधीची थापा मारतेय."

समोर औषधांच्या कपाटाची काच होती. त्या काचेत माझ्यामागचा दरवाजा दिसत होता, आणि दरवाजातून गाडी. निळं हेल्मेट माझ्याकडे वळलेलं होतं. ताठ बसलेलं, लहानसं काहीतरी. त्याने हात पुढे केला आणि माझ्या रिकाम्या सीटवर थाप मारली. थाप, थाप. मग वाट पाहिली. मग पुन्हा.

दुकानाला गल्लीकडे दुसरं दार होतं. मी त्यातून बाहेर पडलो. किल्ली गाडीला, गोळ्या काउंटरवर. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी मिळाली. ताईला फोन करावा, असं चारदा वाटलं. पण सांगणार काय? तुझी मुलगी मी गावाच्या टोकाला सोडून आलो, आणि दुसरंच काहीतरी घेऊन आलो? आधी पोर हाताशी येऊ दे, मग काय बोलायचं ते बोलू, असं मी ठरवलं. मला ते शहाणपणाचं वाटलं.

७

भिंगरी फाटकाशी सरांजवळ उभी होती, पिशवी पोटाशी धरून. मी टॅक्सीतून उतरून तिला उचललंच. ती मोठी झालीय, आता उचलू देत नाही, पण तेव्हा दिलं. तिच्या केसांनी माझा शर्ट भिजला आणि तलावाचा वास नाकात गेला. इतका चांगला वास मी आयुष्यात घेतला नसेल.

"गाडी कुठाय?" तिने टॅक्सीत विचारलं.

"बिघडली."

"बरं झालं," ती म्हणाली आणि माझा हात धरून बसली.

कोपऱ्यावर मी टॅक्सी थांबवली नाही, पण बघितलं. गाडी दुकानासमोर स्टँडवर होती. मागची सीट रिकामी होती. हेल्मेट कुठेच नव्हतं. कोणी चोरलं असेल. भुरटे चोर काय, हेल्मेटसुद्धा सोडत नाहीत. चोरलं असावं, अशी मी त्या दिवशी प्रार्थना केली.

जिना चढताना मी भिंगरीचे दोन्ही हात माझ्या दोन हातांत घेतले होते. ती हसून म्हणाली, असं कोणी चालतं का मामा? संध्याकाळ झाली होती, जिन्यातला दिवा अजून कोणी लावला नव्हता. मी कोपराने बेल दाबली.

आतून ताईचा आवाज आला, "आले, आले." फोडणीचा चर्र आवाज, गॅस बंद केल्याचा खटका. दार उघडायच्या आधीपासूनच ती बोलत होती.

"अरे, होतास कुठे? तिला एकटीला वर पाठवून गोळ्यांना इतका वेळ? येऊन तिच्या बाबांजवळ बसलीय, हेल्मेटसुद्धा काढत नाही, विचारलं तर बोलत नाही. तुम्ही दोघं भांडलात का..."

दार उघडलं. ताईने मला पाहिलं. मग खाली भिंगरीला पाहिलं. तिच्या ओल्या केसांना, लाल डोळ्यांना, माझ्या मुठींतल्या तिच्या दोन्ही हातांना. ताईच्या हातातला झारा हळूहळू खाली आला.

बाहेरच्या खोलीत अंधार होता. सोफ्याच्या पाठीवरून फक्त भाऊजींचं डोकं दिसत होतं. ते रंगात आले होते.

"...घरी आले, गाडी थांबवली आणि म्हणाले, उतर. आणि मागे? सांग ना, मागे कोण?"

मग प्लास्टरवर कोणीतरी हाताने वाजवलं. ठक, ठक.

भाऊजी हसले. "बसलीस होय नीट?" ते म्हणाले. "पण अगं, जायचं कुठे?"